पेटींतील हेलिकॉप्टर

(महोत्सवाच्या स्नेहसंमेलनांत वाचलेलें भाषण)



महोत्सव समितीनें आम्हांस जुन्या आठवणी सांगण्याची आज्ञा केली, तेव्हां आमची अशी समजूत झाली कीं देवळाची जुनी घंटा, सणाच्या मिरवणुकी किंवा बँडवाल्यांचे रुसवेफुगवे यांविषयीं चार शब्द बोलावे लागतील. परंतु त्या गोष्टी आमच्याहून अधिक अधिकारी वक्त्यांनीं काल सांगून टाकल्या. शिवाय समितींतील तरुण मंडळींनीं आम्हांस स्पष्टच बजावलें, "काका, तुम्ही जहाजावर होतां. टेलिव्हिजन पहिल्यानें कोठें पाहिला तें सांगा." मुलांची आज्ञा मोडण्याचें आमचें वय आतां राहिलेलें नाहीं. तेव्हां आज आपण एका पेटीविषयीं, आणि त्या पेटींत आम्हीं पाहिलेल्या एका उडत्या यंत्राविषयीं बोलूं. गोष्ट मौजेची आहे. पण तिला एक दुखरी बाजूहि आहे, आणि ती टाळून पुढें जाणें आम्हांस जमणार नाहीं.

सन १९५७ सालीं, वयाच्या विसाव्या वर्षीं, आम्ही एका मालवाहू जहाजावर भंडाऱ्याच्या हाताखालीं लागलों. भंडारी म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी. कांदे सोलणें, भात वेळणें, डेगी घासणें ही आमची विद्या. जहाजावर आमच्याच वाडींतला एक मुलगा होता, आमच्याहून एक वर्षानें लहान. त्याचें नांव येथें घेत नाहीं. त्याच्या घरचीं माणसें आज या मंडपांत बसलीं आहेत आणि तीं ओळखतीलच. तो इंजिनघरांत तेल घालण्याचें काम करी, आणि संध्याकाळीं वर येऊन आमच्यापाशीं बसे. बोलणें बहुतेक घरचें. रहाटाचा बैल म्हातारा झाला आहे, केळीवर रोग पडला आहे, आणि आई पैसे पोंचले कीं नाहीं तें पत्रांत कधींच लिहीत नाहीं, असलें.

१९५८ च्या उन्हाळ्यांत आमचें जहाज योकोहामाहून निघून प्रशांत महासागर ओलांडीत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे चाललें होतें. सोळा दिवसांची वाट. आठव्या दिवशीं या मुलाच्या पोटांत दुखूं लागलें. प्रथम सर्वांनीं तें साधें समजून ओवा व गरम पाणी दिलें. दुसऱ्या दिवशीं ताप चढला, पोट लांकडासारखें कठीण झालें. मालवाहू जहाजावर डॉक्टर नसतो. औषधांची एक पेटी असते व एक पुस्तक असतें, आणि तें पुस्तक उघडून वाचण्याचें काम कप्तानाचें. अकराव्या दिवशीं पहाटे मुलगा गेला. बंदर अजून पांच दिवसांच्या वाटेवर होतें. त्याच दिवशीं सूर्यास्तापूर्वीं त्याला समुद्राच्या स्वाधीन केलें. आम्ही सात ख्रिस्ती होतों. आम्हीं रोझरी म्हटली. सारंग रत्नागिरीकडचे एक वृद्ध मुसलमान गृहस्थ होते. ते डोकें झांकून आमच्या रांगेच्या शेवटीं उभे राहिले होते.

अशा मनःस्थितींत आम्ही कॅलिफोर्नियाच्या बंदराला लागलों. तेथें नाविकांसाठीं एक विश्रामगृह होतें. बंदरोबंदरीं असलीं घरें असतात. समुद्रावरील माणसांची काळजी घेणारी आपल्या ख्रिस्तसभेची जी संस्था १९२० सालीं ग्लासगो येथें सुरू झाली, तिचेंहि कार्य अशाच घरांतून चालतें. कॉफी फुकट, पत्र लिहावयास कागद फुकट, आणि एका कोपऱ्यांत, टेबलावर ठेवलेला टेलिव्हिजन.

बोलपट आम्हीं पुष्कळ पाहिले होते. पण बोलपटास अंधार लागतो, तिकीट लागतें, आणि चित्र आपल्या मागून येऊन पडद्यावर पडतें, हें सर्वांस ठाऊक होतें. येथें दिवा जळत होता, लोक पत्ते खेळत होते, आणि कांचेंतून माणसें आमच्याकडे तोंड करून बोलत होतीं. आमच्यापैकीं एकानें तर पेटीच्या मागें जाऊन पाहिलें. हंसूं नका, तो आम्हीच.

त्या सायंकाळीं जी गोष्ट लागली होती, तिचें नांव 'व्हर्लीबर्ड्स'. मराठींत म्हणावयाचें तर गरगरणारीं पांखरें. दोघे तरुण वैमानिक, त्यांचा स्वतःचा लहानसा धंदा, आणि त्यांचीं हेलिकॉप्टरें. कोणींहि भाड्यानें बोलवावें, यांनीं निघावें. कधीं चोराचा पाठलाग, कधीं वणवा, कधीं दरींत अडकलेला कोणी. त्या दिवशीं एक घायाळ माणूस उजाड जागीं पडला होता. वर तें यंत्र आलें. पुढें कांचेचा मोठा बुडबुडा, मागें नुसत्या सळ्यांची शेपटी, माथ्यावर गरगरणारीं दोन पातीं. तें पुढेंहि जाईना, मागेंहि जाईना. एका जागीं, पाण्यावर खंड्या पक्षी ठरतो तसें, हवेंत ठरलें. मग सावकाश खालीं उतरलें. माणसास उचललें, आंत घातलें, आणि डोंगरापलीकडे दिसेनासें झालें. जाहिराती धरून सारा अर्ध्या तासाचा खेळ.

गोष्ट संपण्यापूर्वींच सारंग उठले. त्यांनीं टोपी घातली, कोणाशीं एक शब्द न बोलतां दार उघडलें आणि ते बाहेर गेले. मग एकामागून एक आम्ही सारे उठलों. कॉफीचे पेले तसेच राहिले. धक्क्यापर्यंतची वाट कोणीं कोणाशीं न बोलतां चाललों. प्रत्येकाच्या मनांत एकच प्रश्न होता, आणि तो आम्हीं एकमेकांस विचारला नाहीं.

त्या खेळाविषयीं पुढें आम्हीं जें कांहीं वाचून गोळा केलें, तें थोडक्यांत सांगतों. 'व्हर्लीबर्ड्स' १९५७ सालीं सुरू झाला व १९६० पर्यंत चालला. एकंदर १११ भाग झाले. केनेथ टोबी व क्रेग हिल हे दोन नट वैमानिकांचीं कामें करीत. हा खेळ 'देसिलू' या मंडळीनें काढला. ल्युसिल बॉल ही विनोदी नटी व तिचा पति देसी आर्नाझ यांची ती मंडळी. तिचा जन्म एका थट्टेंतून झाला असें सांगतात, म्हणजे खेळाचा, नटीचा नव्हे. १९५६ च्या जानेवारींत 'आय लव्ह ल्युसी' या मालिकेच्या एका भागांत ल्युसीची बोट तिला धक्क्यावर सोडून निघून जाते, आणि मग हेलिकॉप्टरांतून दोरानें तिला बोटीवर उतरवितात. लोकांस तें इतकें आवडलें कीं या यंत्राचीच एक मालिका कां करूं नये, असा विचार पुढें आला. आमच्यासारख्या खलाशास त्यांत विशेष मौज वाटते. कारण बोट चुकलेल्या माणसाची खरी फजिती काय असते, तें आम्हांस ठाऊक आहे, आणि त्याला दोर सोडणारा कोणी नसतो. याच मालिकेचे कित्येक भाग रॉबर्ट ऑल्टमन नांवाच्या दिग्दर्शकानें केले. पुढें १९७० सालीं त्यानेंच 'मॅश' हा गाजलेला चित्रपट केला, आणि त्याच्या आरंभीं तींच बुडबुड्याचीं हेलिकॉप्टरें जखमी शिपायांस घेऊन येतांना दिसतात.

त्या यंत्राचें नांव बेल ४७. त्याचा कर्ता आर्थर यंग हा मोठा विक्षिप्त व चिकाटीचा मनुष्य. १९२८ पासून दहाबारा वर्षें तो लहान लहान नमुने करी, मोडी, पुन्हां करी. हेलिकॉप्टर हवेंत चढविणें फारसें कठीण नव्हतें; कठीण होतें तें त्याला हवेंत शांत ठेवणें. यंगनें पात्यांशीं काटकोनांत, दोन्ही टोकांस वजन असलेली एक दांडी बसविली. यंत्र झुकलें तरी गरगरणारी दांडी आपली पातळी सोडीत नाहीं, आणि तीच पात्यांस सांवरते. डोक्यावर पाण्याची घागर घेऊन चालणारी आपली बाई कंबरेखालीं हालते आणि मानेवर स्थिर राहते, त्यांतलाच हा प्रकार म्हणा. ८ मार्च १९४६ रोजीं या यंत्रास नागरी वापराचा परवाना मिळाला. अमेरिकेंत हेलिकॉप्टरास मिळालेला तो पहिलाच. कोरियाच्या युद्धांत त्याच्या दोन्ही अंगांस बाहेरून डोल्या बांधीत आणि त्यांत जखमी माणूस निजवून आणीत.

आणि टेलिव्हिजनची पेटी? तिच्याविषयींची एक गोष्ट आपल्या बागाइतदार मंडळींस आवडेल. फायलो फार्न्सवर्थ हा अमेरिकेंतील एका शेतकऱ्याचा मुलगा. चौदापंधरा वर्षांचा असतांना तो आयडाहो प्रांतांत शेत नांगरीत होता. एका तासामागून दुसरें तास, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. तें पाहून त्याच्या मनांत आलें कीं चित्रहि असेंच ओळीओळींनीं 'नांगरून' पाठवितां येईल, आणि पलीकडे तशाच ओळी ओढून जुळवितां येईल. १९२७ च्या सप्टेंबरांत, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, त्यानें विजेच्या नळींतून पहिलें चित्र पाठविलें. तें चित्र म्हणजे एक साधी रेघ होती. पेटींतील माणसें कोठून येतात म्हणून आम्हीं मागें जाऊन पाहिलें होतें. तीं या नांगरटींतून येत होतीं.

आम्ही त्या बंदरांत असतांनाच या दोन यंत्रांचें लग्न नुकतेंच लागलें होतें. लॉस एंजेल्स येथील केटीएलए या टेलिव्हिजन केंद्राचा मुख्य अभियंता जॉन सिल्वा यानें एका बेल ४७ मध्यें कॅमेरा व प्रक्षेपणाचें सामान चढविलें, आणि आकाशांतून खालचा देखावा थेट लोकांच्या घरांत पाठविण्याचा प्रयोग केला. ३ जुलै १९५८ च्या पहिल्या उड्डाणांत चित्र आलें नाहीं. ऊन व हादरे यांमुळें एक नळी निकामी झाली होती. दुसऱ्याच दिवशीं दोष काढून पुन्हां उडाले आणि चित्र आलें. आज प्रत्येक वाहिनीवर पुराचें पाणी वरून दाखवितात, त्याचा आरंभ तो. १९६३ च्या डिसेंबरांत त्याच शहरांत बाल्डविन हिल्सचें धरण फुटलें, तेव्हां लोकांनीं घरांत बसून तें फुटतांना पाहिलें.

विश्रामगृहाच्या व्यवस्थापकास मात्र या हेलिकॉप्टरांचें कौतुक नव्हतें. तो भाविक कॅथलिक होता व बिशप फुल्टन शीन यांच्या आठवणी काढी. शीन यांचें 'लाइफ इज वर्थ लिव्हिंग' हें व्याख्यान १९५२ ते १९५७ पर्यंत टेलिव्हिजनवर होत असे. एक फळा, एक खडू, आणि पायघोळ झग्यांतील एक बिशप, एवढेंच सामान. फळा भरला कीं ते दुसरीकडे वळत, आणि कॅमेऱ्याबाहेरचा एक मदतनीस तो हळूच पुसून ठेवी. शीन म्हणत, हें काम आमच्या देवदूताचें. १९५३ सालीं त्यांस एमी पारितोषिक मिळालें. आपल्या मंडळींस हेंहि ठाऊक असेल कीं पोप बारावे पायस यांनीं पन्नासाच्या दशकाच्या अखेरीस असीसीच्या संत क्लारेस टेलिव्हिजनची आश्रयदाती नेमलें. नाताळच्या रात्रीं ती आजारानें अंथरुणास खिळली होती, आणि दूरच्या देवळांतील उपासना तिला आपल्या खोलींत दिसली व ऐकूं आली, अशी तिची कथा आहे. आमच्या वाडींत पुढें टेलिव्हिजन आला, तेव्हां एका म्हातारीनें ही कथा ऐकून आम्हांस विचारलें होतें, "मग तिला पोस्टांतून परवाना काढावा लागला नाहीं वाटतें?"

असो. १९५९ सालीं आम्ही घरीं परतलों. पहिल्याच दिवशीं त्या मुलाच्या आईकडे गेलों. नात्यानें नव्हे, पण वाडीच्या मानानें ती आमची मावशी. आमच्याजवळ मुलाची ट्रंक होती, रोझरी होती, एक नवा सदरा होता. ओटीवर बसलों. तिनें सर्व विचारलें, आम्हीं सर्व सांगितलें. आणि तरुणपणाचें शहाणपण म्हणा वा मूर्खपणा म्हणा, तिला कांहीं धीर यावा म्हणून आम्हीं त्या पेटींतल्या यंत्राचीहि गोष्ट सांगितली. जग किती पुढें गेलें आहे, आतां असें यंत्र निघालें आहे कीं माणसाला डोंगरावरून, पाण्यावरून, पाळण्यांत घालून उचलून नेतात. पुढें कोणाच्या आईवर अशी वेळ येणार नाहीं. तिनें शांतपणें ऐकून घेतलें. मग म्हणाली, "मग माझ्या पोराला न्यायला तें कां नाहीं आलें रे?"

आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. पण गप्प राहण्याचें धैर्यहि नव्हतें. आम्ही म्हणालों, "कप्तानानें बोलावलें नाहीं, मावशी."

या उत्तराकडे आपण पुन्हां येऊं.

टेलिव्हिजन आपल्याकडे येण्यास पुढें पुष्कळ वर्षें लागलीं. दिल्लींत १९५९ च्या सप्टेंबरांत प्रयोगादाखल केंद्र सुरू झालें, पण मुंबईस कांहीं नव्हतें. १९६४ च्या डिसेंबरांत पोप सहावे पॉल मुंबईस आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषदेस आले, तेव्हां आपल्या धर्मग्रामांतील माणसें डबे बांधून, मुलांस खांद्यावर घेऊन गाडीनें गेलीं. पाहणें म्हणजे जाणें, असाच तो काळ. २ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबई केंद्र सुरू झालें, आणि हळूहळू आपल्या वाड्यांतून कौलांवर, माशाच्या कांट्यासारख्या, ॲल्युमिनियमच्या काठ्या उभ्या राहूं लागल्या. सर्वांचीं तोंडें एकाच दिशेस, मुंबईकडे.

आम्हीं आमची पेटी १९७६ सालीं घेतली. लांकडी कपाट, त्याला सरकतीं दारें, दारांना कुलूप. कुलूप कशासाठीं तें आम्हांस आजवर समजलें नाहीं. कारण शनिवारीं व रविवारीं चित्रपट असला कीं अर्धी वाडी आमच्या ओटीवर असे आणि कुलपाची किल्ली शेजाऱ्यांच्या मुलांपाशीं. 'आमची माती, आमची माणसं' लागलें कीं शेतकरी मंडळी पुढें सरकत आणि शेतीतज्ज्ञांच्या चुका मोठ्यानें काढीत. 'छायागीता'स मुली पुढें. वारा सुटला कीं काठी फिरे, पडद्यावर मुंग्या चालूं लागत, आणि एकानें कौलावर चढून "आलें कां? आलें कां?" म्हणून ओरडावें, खालून दहा जणांनीं "गेलें! गेलें!" म्हणून ओरडावें, हाहि कार्यक्रमाचाच भाग असे. मधेंच 'व्यत्यय' अशी पाटी येई. कोणी उठून जात नसे. लोक ती पाटीहि पाहत बसत.

मावशी रोज येई. चित्रपटाची तिला गोडी नव्हती. खांबाला टेकून बसे, हातांत कांहींतरी निवडीत असे, आणि बातम्या लागल्या म्हणजे मान वर करी. एके दिवशीं आम्हीं सहज विचारलें, मावशी, बातम्यांत तुला काय समजतें? ती म्हणाली, "तें यंत्र दाखवितात कां पाहतें."

मधलीं वर्षें झपाट्यानें गेलीं. १९८२ सालीं रंग आले. १९८७ सालीं आखातांतील एका नातलगानें व्हिडिओ यंत्र व त्यासोबत 'एअरवूल्फ'च्या फिती आणल्या. ही अमेरिकेंत १९८४ सालीं निघालेली हेलिकॉप्टरांची मालिका. आमच्या 'व्हर्लीबर्ड्स'च्या मानानें भारीच भपका. काळें चकचकीत यंत्र, तोफा, क्षेपणास्त्रें, आणि वेग म्हणाल तर आवाजाहून अधिक. आमची मुलें डोळे फाडून पाहत. आम्ही त्यांस सांगूं लागलों कीं असा वेग हेलिकॉप्टरास शक्य नाहीं. कारण यंत्र पुढें जात असतां एका बाजूचें पातें वाऱ्यावर जातें, दुसऱ्या बाजूचें वाऱ्यापासून पळतें, आणि वेग फार वाढला कीं एका बाजूचा आधारच जातो. मुलें म्हणालीं, "बाबा, जरा बाजूला सरका, दिसत नाहीं."

पण त्या काळ्या यंत्राची पुढची हकीकत मुलांस ठाऊक नव्हती, व आम्हांसहि फार उशिरा कळली. तें मूळचें बेल २२२ जातीचें हेलिकॉप्टर. मालिका संपल्यावर तें विकलें गेलें, त्यावरच्या खोट्या तोफा निघाल्या, आणि जर्मनींत तें आजारी माणसांस नेणारें रुग्णयान झालें. ६ जून १९९२ रोजीं वादळांत सांपडून तें कोसळलें व आंतील तिघेहि जण मृत्यु पावले. पडद्यावर शेंकडों गोळ्या ज्याला लागल्या नाहींत, तें खऱ्या कामावर असतां एका वादळानें गेलें. तेव्हांपासून हेलिकॉप्टर चालविणाऱ्या माणसाविषयीं आमच्या मनांत जो आदर आहे, तो पडद्यावरच्या नटांविषयीं कधींच नव्हता.

हेलिकॉप्टरानें दोरानें वर घेऊन केलेली समुद्रावरील पहिली खरी सुटकाहि वादळांतलीच. २९ नोव्हेंबर १९४५ रोजीं अमेरिकेच्या कनेटिकट किनाऱ्याजवळ तेलाची एक बार्ज खडकावर चढली व फुटूं लागली. तिच्यावर दोघे होते. नावेनें जवळ जातां येईना. सिकॉर्स्कीच्या कारखान्यांतून हेलिकॉप्टर आलें आणि त्या दोघांस एकामागून एक दोरानें वर घेतलें. वैमानिक डिमिट्री व्हायनर हा इगोर सिकॉर्स्की यांचा भाचा. ही हकीकत वाचून आम्हीं पुस्तक मिटलें आणि बराच वेळ तसेच बसलों. आमचा मुलगा गेला तेव्हां या गोष्टीस तेरा वर्षें होत आलीं होतीं.

आणि बार्जचा विषय निघाला म्हणून सांगतों. १७ मे २०२१ रोजीं तौक्ते चक्रीवादळांत मुंबई हायजवळ पी-३०५ ही बार्ज बुडाली, तें आपण सर्वांनीं टेलिव्हिजनवर पाहिलें. तिच्यावर २६१ माणसें होतीं. नौदलाच्या जहाजांनीं व हेलिकॉप्टरांनीं १८६ जणांस वांचविलें. सत्तरांहून अधिक गेले. त्या दोन रात्रीं आमचा एक नातू समुद्रांतल्या दुसऱ्या एका जागीं कामावर होता व फोन लागत नव्हता. आम्ही पेटीसमोर बसलों होतों. आतां पेटीहि राहिली नाहीं, भिंतीवर टांगलेली पाटी आहे. तिच्यावर रंगीत चित्र, स्पष्ट आवाज, आणि वादळाची लाट पडद्याबाहेर येईल अशी. सून म्हणाली, "बाबा, झोपा आतां." आम्ही म्हणालों, तें यंत्र दाखवितात कां पाहतों. मग लक्षांत आलें कीं हें वाक्य आमचें नव्हे. तिसऱ्या दिवशीं सकाळीं नातवाचा फोन आला.

आतां ती मागें राहिलेली गोष्ट.

१९७४ सालीं मुंबई हायला तेल लागलें, आणि पुढें हेलिकॉप्टरांची ये-जा वाढली. आमचे एक स्नेही विमानांच्या दुरुस्तीचें काम करीत. १९७७ च्या पावसाळ्यांत ते आमच्याकडे मुक्कामास आले असतां आम्हीं त्यांस आमच्या पेटींतल्या त्या बुडबुड्याच्या यंत्राविषयीं विचारलें. त्यांनीं हिशेबच मांडला. एवढें पेट्रोल, एवढा वेग. अडीचशें मैलांच्या आंतबाहेर गेलें कीं टांकी रिकामी. त्यांतहि परत येण्याची वाट धरावी लागते. आम्हीं विचारलें, आणि दीड हजार मैलांवर जहाज असेल तर? ते हंसले. म्हणाले, "तेथें त्या काळीं कोणींच पोंचलें नसतें."

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. अठरा वर्षें मावशी त्या कप्तानास दूषणें देत होती. विहिरीवर, बाजारांत, देवळाच्या पायऱ्यांवर, जेथें मुलाचा विषय निघे तेथें ती म्हणे, "त्या गोऱ्यानें बोलावलें नाहीं." आणि हें वाक्य आम्हीं तिच्या तोंडीं घातलें होतें. खरें काय होतें? कप्तान तीन रात्री मुलाच्या उशाशीं बसला होता. पुस्तक मांडीवर उघडें ठेवून त्यानें स्वतःच्या हातानें इंजेक्शनें दिलीं. बिनतारी यंत्रावरून तो तासातासाला डॉक्टर असलेलें जहाज शोधीत होता, आणि इंजिन फुटेल म्हणून मुख्य इंजिनियर ओरडत असतां त्यानें जहाजाचा वेग कमी होऊं दिला नव्हता. मुलगा गेला तेव्हां तो डेकवर जाऊन पाठ करून उभा राहिला होता. हें सारें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें होतें, आणि यांतलें एक अक्षरहि मावशीला सांगितलें नव्हतें. एका यंत्राची गोष्ट सांगण्याच्या भरांत माणसाची गोष्ट राहून गेली होती.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही तिच्या ओटीवर गेलों आणि सर्व सांगितलें. मैलांचा हिशेब सांगितला, आणि आम्ही खोटें बोललों होतों हेंहि सांगितलें. ती ओल्या सुपांत तांदूळ पाखडीत होती. तिनें सूप थांबविलें नाहीं. बरेंच झाल्यावर तिनें एकच विचारलें, "त्याचें नांव काय होतें?"

आम्हांस सांगतां येईना. आम्ही त्याला कप्तानसाहेब म्हणत असूं. भंडाऱ्याच्या हाताखालच्या पोरानें याहून अधिक विचारावयाचें नसतें.

ती कांहीं बोलली नाहीं. त्या दिवशीं संध्याकाळीं टेलिव्हिजन पाहण्यास आली नाहीं, दुसऱ्या दिवशींहि नाहीं. आम्हांस वाटलें, आतां ती आमच्या ओटीवर पाय ठेवणार नाहीं.

पुढच्या रविवारीं याच देवळांत, सकाळच्या मिसेपूर्वीं, त्या वेळच्या फादरांनीं नेहमींप्रमाणें हेतु वाचून दाखविले. त्यांत त्या मुलाचें नांव होतें, आणि त्याच्यापुढें "व त्याचा कप्तान" असे शब्द होते. मावशी पुढच्या बांकावर बसली होती. तिनें मागें वळून पाहिलें नाहीं.